कोकणातला उन्हाळा आणि घरचा कुत्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही. विदर्भात ४५ होतं. मग इथल्या कुत्र्याला एवढा त्रास का व्हावा?

कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून थंड होत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असतात आणि शरीर थंड करायला त्या पुरत नाहीत. त्याचा खरा उपाय म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या भागावरून हवा भराभर फिरते, तिथल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ अंगातली उष्णता घेऊन बाहेर जाते.

हवा कोरडी असेल तर हे चांगलं चालतं. पण एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. सावलीत दोरीवर टाकलेलं धुणं संध्याकाळपर्यंत दमट राहतं ना, त्याच कारणाने कुत्र्याच्या जिभेवरचा ओलावाही नीट उडत नाही. तो धापा टाकत राहतो, त्या कष्टाने अंगात आणखी उष्णता तयार होते आणि हाती फार थोडं लागतं. म्हणून नुसता तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त राहू नका. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशाला कमाल ४० अंश सेल्सिअसची पायरी धरतो आणि किनारपट्टीला ३७ अंशांची.

आणि कोकण म्हणजे फक्त किनारा नाही. समुद्रापासून आत गेलं की खारा वारा पोचत नाही. महाड, चिपळूण, सह्याद्रीच्या पायथ्याची गावं रत्नागिरी-मालवणपेक्षा बरीच तापतात. रायगडमधल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये पारा ४६ अंशांच्या वर नोंदवला गेला होता. किनाऱ्यावरही ज्या दिवशी जमिनीवरचा पूर्वेकडचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, तो दिवस सगळ्यात वाईट. पान हलत नाही, दुपार उलटून गेली तरी हवा पडलेलीच. अशा दिवशी कुत्र्याकडे दर तासाला बघा.

कुत्र्याला उष्माघात झाला आहे हे कसं ओळखायचं, आणि झाला तर पहिल्यांदा काय करायचं?

हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, कारण वेळ येते तेव्हा घरी कोण असेल सांगता येत नाही.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच. विश्रांती घेऊनही ते ४० च्या वर राहिलं तर काळजी करा. ४१ च्या पुढे मूत्रपिंड, यकृत, मेंदू, आतडी सगळ्यांना इजा होऊ लागते. पण थर्मामीटर शोधत बसू नका, कुत्र्याकडे बघा. सावलीत येऊनही धाप थांबत नाही. जीभ रुंद, चपटी होऊन लांब लोंबते. लाळ घट्ट, चिकट होते. हिरड्या गडद लाल दिसतात, पुढे पांढुरक्या किंवा निळसर पडतात. हाक मारली तरी लक्ष नसतं, चाल अडखळते. उलटी होते, जुलाब होतात, कधी त्यात रक्त असतं. शेवटी कोसळणं आणि झटके.

यातलं काहीही दिसलं तर आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. आपल्याकडे तालुक्याचा दवाखाना तासाभराच्या अंतरावर असू शकतो आणि तो तास कुत्र्याच्या हातात नसतो. त्याला सावलीत, वाऱ्याला घ्या आणि अंगावर पाणी ओतायला सुरुवात करा. विहिरीचं, नळाचं, फ्रिजचं, जे हाताशी असेल ते. कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेलं कुठलंही पाणी चालतं. गार पाण्याने धक्का बसेल म्हणून लोक कोमट पाण्याची वाट बघतात आणि वेळ घालवतात. तरुण, धडधाकट आणि शुद्धीवर असलेला कुत्रा असेल तर त्याला टबात, गुरांच्या दोणीत, वाहत्या पाटात मानेपर्यंत बसवा. डोकं मात्र हाताने वर धरून ठेवा. म्हातारा, आजारी किंवा चपट्या तोंडाचा असेल तर बुडवू नका, सतत पाणी ओता आणि पंखा लावा. पंखा नसेल तर सुपाने, पुठ्ठ्याने वारा घाला.

पोट, काखा, जांघा, मान आणि पंजे भिजले पाहिजेत. केस दाट असतील तर बोटांनी बाजूला करून पाणी कातडीपर्यंत पोचवा. पाठीवरून ओघळून गेलेलं पाणी कामाचं नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. दोन-तीन मिनिटांत तो अंगाइतकाच गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. आपल्या दमट हवेत वाफेच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून पाणी वाहतं आणि पुन्हा पुन्हा नवं हवं.

शुद्धीवर असेल आणि मागत असेल तर प्यायला थोडं थोडं पाणी द्या. तोंड उघडून आत ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. पॅरासिटामॉल, क्रोसिन, ॲस्पिरिन यांतलं काहीही देऊ नका. हा आजाराचा ताप नव्हे, त्या गोळ्यांनी उतरत नाही, आणि कुत्र्याला त्या विषासारख्या बाधू शकतात. गुदद्वारात धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर असेल तर ३९.५ च्या आसपास आल्यावर पाणी थांबवा, नाहीतर तापमान नको इतकं खाली जातं.

मग गाडीत घालून निघा. एसी पूर्ण चालू, नसेल तर काचा उघड्या. आणि कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला तरीही दवाखान्यात न्याच. रक्त गोठण्यातला बिघाड, मूत्रपिंडाची इजा ही एक-दोन दिवसांनी डोकं वर काढते. काल बरा दिसणारा कुत्रा आज दगावतो तो यामुळे.

जवळच्या पशुवैद्यकांचा नंबर मार्चमध्येच फोनमध्ये घालून ठेवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर प्रामुख्याने गुराढोरांसाठी आहे. तोही असू द्या, पण त्या एकावरच विसंबू नका.

फिरायला कधी न्यायचं?

सकाळी सूर्य डोंगरावर यायच्या आत फिरून घरी परत. संध्याकाळी सातनंतर, तेही रस्ता निवल्यावर. सूर्य मावळला म्हणजे रस्ता थंड झाला असं होत नाही. डांबर, काँक्रीटची पाखाडी आणि सड्यावरचा (कातळाच्या पठारावरचा) उघडा कातळ दिवसभराची उष्णता धरून ठेवतात. हाताची मागची बाजू जमिनीला सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेवता आली नाही, तर त्याला तिथून चालवू नका. मातीची वाट, आगरातून जाणारी सावलीची वाट केव्हाही बरी.

दिवस फारच गदगदत असेल तर फिरणं सरळ रद्द करा. शी-शूपुरतं बाहेर नेऊन आणा आणि घरात त्याच्या नाकाला काम द्या. सुक्या पातेरीच्या ढिगात किंवा जुन्या गोणपाटाच्या घडीत खाऊचे तुकडे लपवले की तो अर्धा तास रमतो. एक दिवस न फिरल्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही.

घरात कुठे ठेवावं?

तो स्वतः जिथे जाऊन पडतो ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते. माजघरातली लादी, मोरीचा कोपरा, पाण्याच्या पिंपाखालची ओल, शेणाने सारवलेली पडवी. तिथून त्याला हुसकावू नका. आपल्याला ती जागा गैरसोयीची वाटते, पण पोट थंड जमिनीला टेकवणं हा या दमट हवेत त्याच्याकडचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. उन्हाळ्यात जाड गादी, गोधडी काढून घ्या. म्हातारा, सांधे दुखणारा कुत्रा असेल तर पातळ सुती चादर पुरे.

जुनं कौलारू, चिऱ्याचं घर थंड राहतं, कारण छप्पर उंच असतं आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. स्लॅबच्या घरात वरची खोली दुपारनंतर भट्टी होते, तेव्हा कुत्र्याला खालच्या मजल्यावर आणा. पत्र्याखाली मात्र कुत्रा ठेवूच नका. गोठ्याला लागून पत्र्याचं खुराडं बांधायची पद्धत गावोगाव आहे आणि मे महिन्यात ती जीवघेणी आहे. दुसरी सोयच नसेल तर पत्र्यावर झाप किंवा पेंढा घाला आणि दोन्ही बाजू उघड्या ठेवा.

बांधून ठेवत असाल तर सावली फिरते हे लक्षात घ्या. सकाळी दहाला माडाच्या सावलीत बांधलेला कुत्रा बाराला उन्हात असतो. माडाची सावली तशीही विरळच. आंबा, फणस, जांभूळ यांच्या दाट सावलीत बांधा, किंवा साखळी इतकी लांब ठेवा की तो ओट्यावर येऊ शकेल. आणि पाणी साखळीच्या टप्प्यात हवं.

कूलर घ्यावा का?

किनाऱ्याजवळ राहत असाल तर पैसे वाया घालवू नका. कूलर हवेत पाणी सोडून ती थंड करतो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम, पण इथे तो खोलीतला दमटपणा वाढवतो आणि कुत्र्याची धाप आणखी निष्फळ होते. ओल्या कपड्याच्या थंड बंडी, गळ्यातले ओले रुमाल यांचंही तेच. कोरड्या प्रदेशासाठी घडवलेल्या वस्तू ऑनलाइन दिसतात, इथे त्यांचा लाभ थोडाच.

इथे हवा हलती ठेवणं महत्त्वाचं. जमिनीवर ठेवायचा पंखा कुत्र्याच्या उंचीला लावा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. कोरड्या अंगावर नुसत्या पंख्याचा फायदा आपल्याला होतो तितका त्याला होत नाही. पोट आणि पंजे ओले करून पंख्यासमोर बसवला तर होतो. एसी असेल तर फार गार न करता ड्राय मोडवर चालवा, कारण खोली कोरडी झाली की धाप कामाला येते. मेच्या शेवटी वादळी वाऱ्यात वीज तासन्‌तास जाते. फक्त एसीत राहिलेला कुत्रा त्या वेळी घाबराघुबरा होतो, म्हणून दिवसातला काही वेळ त्याला नैसर्गिक हवेत ठेवायची सवय असू द्या.

पाणी किती आणि कसं ठेवायचं?

ढोबळ हिशोब म्हणजे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर. २० किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर. उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त लागतं, म्हणून मोजून न देता भांडं कधी रिकामं होणार नाही असं बघा. दोन-तीन ठिकाणी ठेवा, जड भांड्यात, सांडणार नाही असं. दगडी दोण किंवा मातीचं पसरट भांडं चांगलं. पत्र्याचं भांडं उन्हात तापतं.

छपरावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं गरम असतं. ते ना प्यायला द्या, ना अंगावर ओता. उन्हात पडलेल्या रबरी नळीतलं पहिलं पाणी तर नक्कीच सोडून द्या. विहिरीतून कळशीभर काढून सकाळीच माजघरात ठेवलेलं पाणी दिवसभर पुरतं. बर्फाचे खडे घातले तर चालतात. गार पाण्याने कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो ही भीती निराधार आहे. धावून आल्या आल्या मात्र पोटभर घटाघटा पिऊ देऊ नका, थोडं द्या, जरा थांबा, पुन्हा द्या.

आमच्या वाडीत मेमध्ये टँकर येतो. कुत्र्याला रोज अंघोळ कशी घालणार?

घालायची गरजच नाही. दोन तांबे पाण्यात काम होतं. पोटाखालचा केस नसलेला भाग, जांघा, काखा आणि चारी पंजे ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि त्याला वाऱ्याला बसू द्या. दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी पंजे भिजवायला चालतं. माडाच्या आळ्यात संध्याकाळी पाणी सोडत असाल तर कुत्रा आपणहून तिथे जाऊन बसेल, त्याला बसू द्या. चिखल वाळला की झटकून जातो.

शॅम्पूची अंघोळ वारंवार नको, कातडीचं तेल जातं. आणि भिजवल्यावर दाट केस आतून ओले राहणार नाहीत याकडे लक्ष द्या. आपल्या हवेत ते लवकर वाळत नाहीत, मग कातडी लाल होते, वास येतो, कुत्रा चाटून चाटून जखम करतो. कानांच्या पाळ्या लोंबत्या असतील तर कान आतून कोरडे करा.

समुद्रावर नेलं तर थंड होईल ना?

पहाटे किंवा संध्याकाळी, हो. दुपारी मुळीच नाही. कोरडी वाळू डांबरासारखीच पोळते, आणि अलिबाग-रेवदंड्याकडची काळसर वाळू विशेष. किनाऱ्यावर सावलीही नसते.

प्यायचं गोडं पाणी बरोबर न्या आणि आधी पाजा. तहानलेला कुत्रा लाटेचं पाणी पितो. चेंडू तोंडात धरून पोहतानाही खारं पाणी पोटात जातंच. त्याने उलट्या-जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं, आणि फार गेलं तर मीठ मेंदूपर्यंत बाधतं. दर दहा मिनिटांनी बाहेर बोलवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने मीठ-वाळू धुवा, बोटांच्या मधलीसुद्धा. खाडीच्या मुखाशी आणि ओहोटीच्या ओढीत सोडू नका. लॅब्राडोर चांगला पोहत असला तरी ओढ त्याला सोडत नाही.

एक विनंती. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं उन्हाळ्यातच बाहेर पडतात. कुत्रा घरटं उकरतो, पिल्लाला तोंडात धरतो, त्यात त्याचा दोष काही नाही. अशा किनाऱ्यावर पट्टा सोडू नका, किंवा तिथे नेऊच नका.

उन्हाळ्यासाठी केस मशीनने काढून टाकावेत का?

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, हस्की यांचे काढू नका. त्यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचा थर ऊन अडवतो, खालचा मऊ थर उन्हाळ्यापूर्वी गळतो. दोन्ही उडवले तर ऊन सरळ कातडीवर येतं आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. रोज ब्रश करून गळका थर काढून टाका, वारा कातडीपर्यंत पोचला पाहिजे. शिह त्झू, ल्हासा यांचे केस आखूड केले तर चालतं, पण बोटभर राहू द्या. पोटाखालचे सगळ्यांचेच कमी करता येतात, म्हणजे लादीचा गारवा लागतो.

गावठी कुत्र्याचा कोट या हवेसाठीच घडलेला आहे. त्याला हात लावू नका.

खायला काय द्यावं? भूक कमी झाली आहे.

उन्हाळ्यात थोडी भूक कमी होणं ठीक आहे. सकाळी लवकर आणि रात्री उशिरा द्या, दुपारचं जेवण टाळा. पचनानेही अंगात उष्णता होते. पाणीदार अन्न बरं. उकड्या तांदळाची पेज, बिनमिठाची, त्यात उकडून काटे काढलेला मासा किंवा अंडं, हे आपल्याकडचं फार चांगलं उन्हाळी खाणं आहे. बिनमिठाचं पातळ ताक थोडं चालतं, सोसत असेल तर. शहाळ्याचं पाणी अधूनमधून चार चमचे ठीक, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर नको, त्यात पोटॅशियम खूप असतं. कलिंगड बिया काढून द्या.

सोलकढी देऊ नका. आपल्याला ती पोटाला गार वाटते, पण तिच्यात लसूण आणि मिरची असते आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी मोडतो. पन्ह्यात, सरबतात साखर-मीठ. आंब्याची फोड दिली तर बिघडत नाही, बाठा मात्र त्याच्या हाती लागू देऊ नका. आतडीत अडकला तर शस्त्रक्रियाच करावी लागते. फणसाच्या आठळ्यांचंही तसंच. आणि याच दिवसांत खळ्यावर, किनाऱ्यावर खारवलेले मासे वाळत असतात. त्यावर ताव मारलेला कुत्रा तहानेने कासावीस होतो, त्याला भरपूर पाणी द्या आणि उलट्या झाल्या तर दवाखान्यात न्या.

ओलं अन्न या हवेत तासाभरात आंबायला लागतं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचला.

आमचे कुत्रे कलमांच्या बागेत राखणीला असतात. ते तर गावठी, काटक. त्यांना काय होणार?

सगळ्यात जास्त धोका त्यांनाच असतो आणि त्यांच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. आंबा तयार व्हायच्या आणि वानरं उतरायच्या दिवसांतच ऊन कडक असतं. वानरं दुपारी आली की कुत्रा जिवाच्या आकांताने धावतो, कातळावरून, चढावर, आणि दमला म्हणून थांबत नाही. उन्हात नुसतं बसून होणाऱ्या उष्माघाताइतकाच हा श्रमाने होणारा उष्माघात मारक असतो, आणि काटक कुत्राही त्यात जातो.

बागेच्या दोन टोकांना पाणी ठेवा. दुपारी बारा ते चार कुत्र्यांना झोपडीपाशी दाट कलमाखाली बांधा आणि त्या वेळी वानरं हाकायला गलोल, डबे, फटाके यांवर माणसांनी भागवावं. दोन-तीन कुत्रे असतील तर आळीपाळीने सोडा. फवारणीचं द्रावण कालवलेली पिंपं झाकून ठेवा. तहानलेला कुत्रा मिळेल त्या पाण्यात तोंड घालतो, आणि औषधाचं पिंप त्याला पाण्याचंच वाटतं. राखणीला ठेवलेल्या गड्याला वर दिलेलं पहिल्या उपचाराचं सगळं समजावून सांगा, कारण बागेत तोच असणार.

मे महिन्यात मुंबईहून गावी येतोय. पग आहे, घरी एसीत असतो. आणू का?

शक्य असेल तर नका आणू. तिथेच कुणाकडे ठेवता आला तर तो सुखात राहील. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू यांचं तोंड चपटं, श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे धाप टाकून थंड होण्याची ताकद मुळातच कमी. त्यातून एसीची सवय. कुत्र्याच्या शरीराला नव्या उष्णतेशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात आणि तुमची सुट्टी तेवढी नसते. लठ्ठ कुत्रा, हृदयाचा आजार असलेला, घोरणारा म्हातारा लॅब्राडोर यांनाही हेच लागू.

आणणारच असाल तर रात्री निघा आणि उजाडेपर्यंत पोचा. रेल्वेत कुत्रा एकतर पहिल्या वर्गाच्या आरक्षित कूपेमध्ये नेता येतो, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पिंजऱ्यात. मेमधल्या दिवसाच्या गाडीत त्या पिंजऱ्यात कुठलाच कुत्रा घालू नका. तोंड बांधणारी कापडी मुसकी प्रवासात वापरू नका, ती घातली की धापच टाकता येत नाही.

पाच मिनिटं गाडीत ठेवला तर?

नाही. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी वाढतं, अर्ध्या तासात १९-२० अंशांनी. काच बोटभर उघडी ठेवल्याने जवळजवळ फरक पडत नाही. सावलीतली गाडीही तापते. शिवाय त्याच्या श्वासाने आतली हवा आणखी दमट होते. जेवायला थांबलात तर एकाने कुत्र्यापाशी बाहेर थांबावं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद करून उभे असाल तर त्याला खाली उतरवून सावलीत न्या.

रात्री अंगणात मोकळा झोपवला तर गार वाटेल ना त्याला?

वाटेल, पण कोकणात रात्री मोकळा कुत्रा म्हणजे बिबट्याला आमंत्रण. डोंगराच्या पायथ्याच्या, रानालगतच्या वाड्यांत हे सगळ्यांना माहीत आहे, तरी उन्हाळ्यात दार उघडं राहतंच. पडवीला जाळी बसवून घ्या, वारा येतो आणि कडी लावता येते. हा खर्च वाया जात नाही.

उशिरा फिरायला नेताना बॅटरी हवीच. उन्हाळ्यात फुरसं हा विषारी साप रात्री बाहेर पडतो, कातळाच्या सड्यावर आणि गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) आसपास त्याचा वावर असतो, आणि कुत्रा आधी नाक खाली घालतो. दंश झाला तर बांधाबांध, चिरा देणं, झाडपाला काही करू नका. त्याला चालवू नका, उचलून थेट दवाखान्यात न्या.

अंग गरम आहे, मलूल आहे, पण उन्हात गेलाच नाही. मग काय?

गोचिडीचा ताप असू शकतो. उकाडा आणि दमटपणा गोचिडींना मानवतो आणि त्यांच्यापासून होणारे आजार आपल्याकडे भरपूर आहेत. दोन-चार दिवस खाणं सुटलेलं, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, लघवी गडद, असं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या. उष्माघात तासाभरात चढतो, हा ताप दिवसांनी चढतो. कान, मान, बोटांच्या मधल्या फटी रोज तपासा आणि गोचिडीची औषधं पशुवैद्यकाला विचारूनच द्या.

वाडीतल्या भटक्या कुत्र्यांसाठी काय करू शकतो?

गडग्याबाहेर सावलीत पाण्याचं एक जड भांडं. रोज रिकामं करून, घासून पुन्हा भरायचं, नाहीतर त्यात डास होतात. उंबऱ्याशी, गाडीखाली, दुकानाच्या पायरीवर दुपारी झोपलेलं कुत्रं हाकलू नका. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून बघा.

मृग लागला, पाऊस आला की सुटलो ना?

बऱ्याच अंशी. पण पहिला वळीव पडून पुन्हा चार दिवस ऊन पडतं तेव्हा जमिनीतून वाफा निघतात आणि उकाडा मेपेक्षा वाईट होतो. त्या दिवसांत सगळी काळजी तशीच चालू ठेवा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच: पारा ३३-३४, हवा दमट, आणि भात कापणीसाठी शेतावर गेलेल्या घरच्यांच्या मागे दिवसभर फिरणारा कुत्रा. त्याच्यासाठी बांधावर पाणी न्या, आणि दुपारी जेवायला घरी येताना त्यालाही घेऊन या.